कौलारू घराच्या छपरातील तुळया काढता येतील का?

फोंडेकर

नमस्कार. फोंडा तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित घराचे छप्पर येत्या उन्हाळ्यात उतरवून नव्याने उभारायचे ठरले आहे. भिंती चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या), मातीच्या सांध्याच्या आणि दीड फूट जाडीच्या आहेत. मधली मोठी खोली आतून वीस फूट रुंद व चौतीस फूट लांब असून तिच्या दोन्ही टोकांच्या भिंती त्रिकोणी होत आढ्यापर्यंत, म्हणजे छपराच्या माथ्यावरील आडव्या लाकडापर्यंत, चढलेल्या आहेत. लांब भिंतींच्या माथ्यावरून आडव्या तीन तुळया गेल्या आहेत, प्रत्येक तुळईच्या मध्यावर एक आखूड खांब उभा आहे आणि त्या खांबांवर आढे टेकलेले आहे. आढ्यापासून दोन्ही बाजूंना वासे, म्हणजे तिरकी लाकडे, उतरतात, त्यांवर रिपा, म्हणजे आडव्या लाकडी पट्ट्या, आणि रिपांवर मंगळुरी कौले आहेत.

ज्या मेस्तांना (सुतार-गवंड्यांना) काम द्यायचा विचार आहे, त्यांचे म्हणणे असे की, या तुळया काढून टाकाव्यात आणि त्याऐवजी आढ्याखाली दीड-दोन फुटांवर वाशांच्या प्रत्येक जोडीला एक आडवी फळी ठोकावी, म्हणजे खोली वरपर्यंत मोकळी दिसेल. घरातील तरुण मंडळींना ही कल्पना फार आवडली आहे. मला मात्र आजोबांच्या काळापासून उभ्या असलेल्या तुळया केवळ शोभेसाठी बसवल्या असतील असे वाटत नाही. हा बदल सुरक्षित आहे का? शिवाय अशा छपराची मापे कशी काढतात, लाकूड कोणते घ्यावे आणि कामाचा क्रम कसा असावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन केल्यास आभारी राहीन.

आडवा_छेद

आपली शंका रास्त आहे. मी स्थापत्य अभियंता म्हणून मडगाव परिसरात बरीच वर्षे काम केले असून, मेस्तांनी सुचवलेला बदल आहे तसा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामागचे कारण थोडे विस्ताराने सांगतो, कारण ते एकदा लक्षात आले की, लाकडी छपराचे बाकीचे बहुतेक निर्णय आपोआप सुटतात.

दोन वासे वरच्या टोकाला एकमेकांवर टेकवून उभे केले आणि त्यांवर कौलांचे वजन चढवले, तर ते खाली दबताना पायाशी एकमेकांपासून दूर सरकू पाहतात. हा बाहेरचा रेटा वाशांच्या पायथ्यातून भिंतीच्या माथ्यावर येतो. चिऱ्यांची भिंत वरून येणारे वजन सहज पेलते, पण मातीच्या सांध्याची भिंत माथ्यावर आडवी ढकलली गेली, तर तिच्याकडे प्रतिकाराची फारशी ताकद नसते. ती हळूहळू बाहेर कलते, आढे खचते आणि काही पावसाळ्यांनंतर कौलांच्या ओळी वाकड्या दिसू लागतात.

आपल्या घराचे आकडे घेऊन पाहू. रुंदी वीस फूट म्हणजे सुमारे 6.1 मीटर, आणि चढ 30 अंशांचा धरला तर आढ्याची उंची भिंतीच्या माथ्यापासून सुमारे 1.76 मीटर येते. कौले, रिपा, वासे आणि दुरुस्तीसाठी वर चढणारी माणसे मिळून आडव्या क्षेत्रफळाच्या प्रत्येक चौरस मीटरला 110 किलो भार धरला आणि वासे दोन फुटांवर, म्हणजे 0.6 मीटरवर असले, तर प्रत्येक वाशाच्या पायाशी जवळपास 170 किलोंचा आडवा रेटा येतो. चौतीस फूट लांबीच्या भिंतीवर हा एकूण रेटा जवळपास तीन टनांचा होतो, आणि तितकाच समोरच्या भिंतीवर उलट दिशेने. चढ कमी केला तर रेटा वाढतो. हेच छप्पर 20 अंशांवर बसवले तर 170 ऐवजी 270 किलोंच्या पुढे जाते. पावसाचे पाणी लवकर निथळावे म्हणून गोव्यात छपरे उभी ठेवतात हे सर्वांना ठाऊक आहे, पण उभ्या छपरामुळे भिंतींनाही आराम मिळतो, हे सहसा कोणी बोलत नाही.

हा रेटा थोपवायचे दोन मार्ग आहेत. पहिला असा की, वाशांचे पाय एकमेकांशी आडव्या लाकडाने बांधून टाकायचे, म्हणजे दोन्ही बाजूंचे रेटे त्या लाकडात ताण होऊन एकमेकांना तोलतात आणि भिंतीवर फक्त वजन उरते. दुसरा असा की, आढे हीच खरी तुळई करायची, तिला खांबांवर किंवा टोकांच्या भिंतींवर भक्कम आधार द्यायचा आणि वासे तिच्यावर बसवायचे. आढे खचलेच नाही तर वाशांच्या पायांना सरकण्याचे कारण राहत नाही.

आपल्या जुन्या छपरात तुळया ही दोन्ही कामे करत आहेत. त्या समोरासमोरच्या भिंती बांधून ठेवतात आणि मधल्या आखूड खांबांमार्फत आढ्याचे ओझेही घेतात. इथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. युरोपीय पद्धतीच्या कैचीतही, म्हणजे छपराच्या त्रिकोणी लाकडी चौकटीतही, मध्यभागी उभे लाकूड दिसते, पण तिथे ते वरून लोंबते आणि आडव्या लाकडाला मध्यावर उचलून धरते. आपल्याकडील आखूड खांब तुळईवर उभा राहून तिला खाली दाबतो. दिसायला दोन्ही रचना जवळपास सारख्या असल्या तरी त्यांतील बळांची दिशा नेमकी उलट आहे, आणि म्हणूनच आपल्या जुन्या तुळया इतक्या जाडजूड असतात. आपल्या मापांच्या खोलीत प्रत्येक खांबामार्फत साडेआठशे किलोंच्या आसपास भार तुळईच्या मध्यावर येत असणार.

मेस्तांनी सुचवलेली वरची फळी वाऱ्याने वाशांची टोके उघडू नयेत यासाठी उपयोगी असते, परंतु पायथ्याचा रेटा ती थोपवू शकत नाही. आडवे बंधन वाशांच्या उंचीच्या खालच्या एक-तृतीयांश भागात असेल तरच त्याचा रेट्याविरुद्ध भरवसा धरता येतो. वर जावे तसा त्या बंधनावरील ताण वाढतो आणि वासा त्या जोडाच्या खाली वाकू लागतो.

खोली मोकळीच हवी असेल, तर भिंतीच्या माथ्याच्या पातळीवर पोलादी सळया घालता येतील. तीन तुळयांच्या जागी 16 मिलिमीटर व्यासाच्या सळया घातल्या, तर प्रत्येकीवर सुमारे पाऊण टनाचा ताण येईल आणि तो त्या आरामात घेतील. मात्र दोन सळयांमध्ये साडेआठ फूट अंतर राहील आणि त्या अंतरात वाशांचे रेटे भिंतीच्या माथ्यावरील आडव्या लाकडाला बाजूने वाकवतील. त्यामुळे ते लाकूड रुंदीला किमान सहा इंच आणि जाडीला चार इंच असावे, आणि शक्य तेथे अखंड असावे. जोड द्यावाच लागला तर तो सळईजवळ द्यावा, दोन सळयांच्या मध्यावर नव्हे. सळईच्या टोकाला मोठी पोलादी पट्टी असावी, नाहीतर नट लाकडात रुतत जातो. हा हिशेब ढोबळ आहे. प्रत्यक्ष काम करण्याआधी एखाद्या अभियंत्याने जागेवर येऊन भिंती पाहणे आवश्यक आहे.

रंधा_आणि_पटाशी

वरील उत्तराशी मी सहमत आहे. आमच्या घरात सुतारकाम परंपरेने चालत आले आहे, म्हणून मापे आणि लाकूड यांविषयी लिहितो.

जुन्या घरात सर्वांत आधी भिंतींचा खरेपणा तपासावा. चारही कोपऱ्यांचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे आले नाहीत तर खोली काटकोनात नाही, असे समजावे. खोलीची रुंदीही दर चार-पाच फुटांवर मोजावी. जुन्या भिंतींत दोन-तीन इंचांचा फरक सर्रास आढळतो, आणि तो लपवण्याची जागा म्हणजे भिंतीवरचे आडवे लाकूड. भिंत वाकडी असली तरी ते लाकूड दोरीत सरळ आणि लेव्हल नळीने सम पातळीत बसवून घ्यावे, कारण पुढची सर्व मापे त्यावरूनच निघतात. त्याच्याखाली चिऱ्यावर डांबरी कागदाचा थर द्यावा, कारण चिरा पावसाळ्यात पाणी शोषतो आणि तो ओलावा थेट लाकडात जातो.

चढ आम्ही अंशांत न सांगता बारा-सात असा सांगतो, म्हणजे बारा इंच आडव्या अंतरामागे सात इंच उंची. हा जवळपास 30 अंशांचाच चढ झाला. गुण्याच्या (सुताराच्या काटकोनी पट्टीच्या) एका भुजेवर बारा आणि दुसरीवर सात धरले, तर तिरके अंतर सुमारे 13.9 इंच भरते, त्यामुळे दहा फूट आडव्या अंतराला वाशाची लांबी 11 फूट 7 इंच होते. यातून आढ्याची निम्मी जाडी वजा करावी, पण ती वाशाच्या तिरक्या लांबीवर न मोजता वरच्या उभ्या कापाशी काटकोनात मोजावी. नवखी मंडळी नेमकी इथेच गफलत करतात आणि सगळे वासे थोडे लांब राहतात. पागोळीसाठी बाहेर येणारी लांबी वेगळी धरावी. चिऱ्याच्या भिंतीवर पावसाचा झोत येऊ नये म्हणून ती दोन ते अडीच फूट ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे आणि ती मोडू नये.

सगळे वासे एकदम कापू नयेत. आधी दोन कापावेत, आढ्याच्या जाडीचा तुकडा मध्ये धरून ते जागेवर उभे करून पाहावेत, वरचा काप आणि खालची खाच दोन्ही फट न राहता बसली की त्यांतील एका वाशाला नमुना ठरवून बाकीचे सगळे त्यावरूनच आखावेत. मागच्या कापलेल्या वाशावरून पुढचा आखत गेल्यास पेन्सिलीच्या जाडीची चूक साठत जाते. भिंतीवर बसणारी खाच वाशाच्या उंचीच्या एक-तृतीयांशाहून खोल नसावी, कारण पागोळीचा सगळा भार त्या खाचेशी उरलेल्या लाकडावर लटकतो.

रिपांचे अंतर कोणत्याही तक्त्यावरून घेऊ नये. मंगळुरी कौले एका मापाची म्हणून विकली जातात, पण वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांत फरक असतो, आणि जुनी व नवी कौले मिसळायची असल्यास तर विचारूच नका. दहा-बारा कौले जमिनीवर एका ओळीत एकमेकांत अडकवावीत, आधी ती पूर्ण ताणून अंतर मोजावे, मग पूर्ण दाबून मोजावे आणि दोहोंची सरासरी धरावी. सर्वांत खालची रीप कौलाच्या जाडीइतकी उंच ठेवावी, नाहीतर पहिली ओळ खाली झुकते आणि तिच्यावरची ओळ नीट बसत नाही.

लाकडाविषयी थोडक्यात सांगायचे तर सागवान उत्तम, पण फक्त गाभ्याचे. बाहेरच्या फिकट लाकडाच्या बाबतीत वाळवी सागवान आणि रानटी असा भेद करत नाही. मत्ती (म्हणजे ऐन) आणि किंदळ ही दोन्ही लाकडे तुळया व वाशांसाठी आपल्याकडे पूर्वापार वापरली जातात. ती जड व मजबूत आहेत, मात्र नीट सुकवली नाहीत तर तडकतात आणि पिळतात. उघड्या हवेत, सावलीत, जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष हा सुकवण्याचा जुना हिशेब आहे. तेवढा वेळ नसेल तर पाडलेल्या घरांतील जुने लाकूड शोधावे. ते पूर्ण सुकलेले असते, फक्त पटाशी खुपसून आतून पोकळ नाही ना हे पाहावे आणि खिळे काढल्याशिवाय त्यावर करवत चालवू नये. आपल्या स्वतःच्या जुन्या वाशांपैकी निम्मे तरी पुन्हा वापरता येतील, असा माझा अंदाज आहे.

पेडणेकर

दोन व्यवहाराच्या गोष्टी. परसातील फणस किंवा साग तोडून लाकूड काढण्याचा विचार असेल, तर आधी परवानगी घ्यावी लागते. गोवा, दमण आणि दीव वृक्ष संरक्षण कायदा, 1984 हा खासगी जागेतील झाडांनाही लागू आहे. छपराच्या कामासाठी पंचायतीकडेही लवकर अर्ज करावा, कारण जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस दारात असतो आणि उघडे घर त्याची वाट पाहत बसू शकत नाही. मेमधील वळिवासाठी जाड ताडपत्री आधीच आणून ठेवावी.

फोंडेकर

सर्वांचे मनापासून आभार. या चर्चेनंतर शिडी लावून तुळया तपासल्या. तिन्ही तुळया सात इंच रुंद आणि नऊ इंच उंच आहेत. मधला भाग घट्ट आहे, पण दोन तुळयांची पश्चिमेकडील टोके भिंतीत जिथे शिरतात तिथे लाकूड बोटाने चुरडते. अशा तुळया टाकून द्याव्यात का?

दुसरा प्रश्न असा की, माझा मुलगा अमेरिकेतील घरबांधणीच्या चित्रफिती पाहतो. तिथे दोन बाय चार इंचांच्या बारीक लाकडांतून दुमजली घरे उभी राहतात, मग आपल्याला नऊ इंचांची तुळई कशाला हवी, असे त्याचे म्हणणे आहे. त्याला काय सांगावे?

आडवा_छेद

मुलाचा प्रश्न चांगला आहे. अमेरिका आणि कॅनडातील त्या पद्धतीत भिंतही लाकडीच असते. खाली एक आडवी पट्टी, तिच्यावर सोळा इंचांवर उभी लाकडे आणि माथ्यावर दोन थरांची आडवी पट्टी अशी भिंत जमिनीवर आडवी जोडतात आणि मग उचलून उभी करतात. दोन बाय चार हे नुसते नाव आहे. रंधून झाल्यावर ते लाकूड प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंचांचे असते. सोळा इंचांचे अंतर धरण्याचे कारण असे की, तिथल्या चार बाय आठ फुटांच्या प्लायवूडच्या कडा त्या अंतराने बरोबर उभ्या लाकडांवर येतात. हे प्लायवूड तिथे भिंतीला तिरके होऊ देत नाही. बाहेरचे आच्छादन काढले तर ती चौकट वाऱ्यात हलू लागेल. दार किंवा खिडकीच्या वर तुटलेल्या उभ्या लाकडांचा भार घेण्यासाठी जाड आडवे लाकूड घालतात आणि त्याच्या दोन्ही टोकांखाली जादा उभी लाकडे देतात. एका मजल्याची भिंत, तिच्यावर जमीन, त्या जमिनीवर पुढची भिंत, असे मजल्यागणिक ते चढत जातात.

म्हणजे तिथे भार पुष्कळ बारीक लाकडांत वाटलेला असतो, आपल्याकडे तो मोजक्या जाड लाकडांत एकवटलेला असतो. छपराचा नियम मात्र दोन्हीकडे एकच आहे. तिथेही साध्या वाशांच्या छपरात प्रत्येक जोडीचे पाय माळ्याच्या आडव्या लाकडांनी एकमेकांशी बांधलेले असतात, आणि ज्यांना खोली वरपर्यंत उघडी हवी असते ते आढ्याच्या जागी जाड तुळई घालून तिला खांबांवर उभी करतात. मुलाला त्याच चित्रफिती पुन्हा दाखवा आणि वाशांचे पाय कशाला बांधले आहेत, एवढेच शोधायला सांगा.

तुळया टाकून देऊ नयेत. त्या मापाचे अखंड सुके लाकूड आज बाजारात मिळवणे कठीण आणि फार महाग आहे. टोके कुजण्याचे कारण बहुधा पश्चिमेचा पाऊस हेच असावे. त्या बाजूच्या भिंतीत मुरलेले पाणी तुळईच्या टोकाला लागते आणि चारही बाजूंनी चुना-माती भरलेली असल्यामुळे ते सुकत नाही. तुळईला खालून तात्पुरते टेकू द्यावेत, कुजलेला भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापावा आणि त्याच जातीच्या सुक्या लाकडाचा तुकडा लांब तिरक्या जोडाने बसवून दोन्ही अंगांना पोलादी पट्ट्या व आरपार बोल्ट द्यावेत. जोड भिंतीच्या जितका जवळ तितका बरा, कारण तुळईचे वाकणे मध्यावर सर्वाधिक आणि टोकाशी नगण्य असते. भिंतीतील खोबणीत टोकाभोवती अर्धा इंच हवा खेळती ठेवावी.

तरीही खोली मोकळीच हवी असा घरच्यांचा आग्रह राहिला आणि सळयाही नको असल्या, तर आढ्याची तुळई करून तिच्याखाली खोलीत दोन खांब घ्यावे लागतील. खांब सुमारे साडेतीन मीटरवर असले तर चार बाय आठ इंचांचे चांगले सागवान पुरते. खांब वाचवण्यासाठी हे अंतर दुप्पट केले, तर त्याच मापाच्या लाकडाचे वाकणे दुप्पट न होता सोळापट होईल. अशा ठिकाणी मग लाकडाचा हट्ट सोडून पोलादी तुळई घ्यावी. व्यक्तिशः मी तुळया ठेवीन. त्या दिसायलाही वाईट नसतात.

वाऱ्याचाही विचार करावा. भारतीय मानकानुसार पणजीसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरतात आणि त्यातून येणारा दाब चौरस मीटरला 90 किलोंच्या पुढे जातो. छपराच्या कडांवर हा वारा कौलांना वर ओढतो आणि ती ओढ त्यांच्या वजनावर मात करू शकते. मे 2021 मधील तौक्ते चक्रीवादळात गोव्यात ठिकठिकाणी कौले उडाली ती याच कारणाने. पागोळीच्या आणि आढ्याजवळच्या ओळी तारेने किंवा खिळ्याने बांधाव्यात, वासे भिंतीवरच्या लाकडाला पट्टीने आवळावेत आणि ते लाकूड भिंतीत खोल बोल्टने धरावे. खिळे व पट्ट्या जस्ताचा मुलामा दिलेल्या घ्याव्यात, कारण आपल्या दमट हवेत साधे लोखंड लवकर गंजते.

रंधा_आणि_पटाशी

छप्पर उतरवतानाच्या क्रमाविषयी एक सूचना राहिली. कौले एका उतारावरची पूर्ण काढून मग दुसऱ्या उताराकडे जाऊ नये. एका बाजूचे वजन गेले की दुसऱ्या बाजूचे वासे आढ्याला आडवे ढकलतात आणि आखूड खांब तुळईवर कलंडू शकतात. आढ्यावरून सुरुवात करून दोन्ही बाजूंनी दोन-दोन ओळी बरोबरीने खाली याव्यात, आणि रिपा काढण्याआधी वाशांना आतून तिरक्या फळ्या ठोकून घ्याव्यात, कारण रिपाच आजवर त्यांना सरळ धरून आहेत. टोकाच्या त्रिकोणी भिंतींना दोन्ही अंगांनी बांबूचे टेकू द्यावेत. आढे निघाले की त्यांना वर धरणारे काहीच उरत नाही आणि मातीच्या सांध्याची एवढी उंच भिंत एकटी उभी ठेवणे धोक्याचे आहे.